नोंदी ग्रंथालयाच्याच ताब्यात हव्यात



सार्वजनिक ग्रंथालयाच्या संगणकीकरणाचा विषय निघाला की कार्यकारिणीत एक शंका हमखास निघते : ‘फुकटचे सॉफ्टवेअर उद्या बंद पडले, तर दाद कोणाकडे मागायची?’ शंका रास्त आहे, पण ती विकतच्या सॉफ्टवेअरबद्दलही घ्यायला हवी. मी ग्रंथपाल असताना देखभालीचा वार्षिक करार पैशांअभावी थांबला आणि विक्रेत्याने फोन उचलणेच सोडले. सगळ्या नोंदी त्याच्या साच्यात, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये अडकलेल्या. बाहेर काढल्या तर अक्षरांचा चिखल! अखेर दाखल नोंदवह्या समोर ठेवून सगळे नव्याने टंकित करावे लागले.

‘कोहा’ या मुक्त प्रणालीचा इतिहास याच्या उलट आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी प्रणाली २००० साल उजाडताच तारखांत घोळ घालणार, अशी धास्ती होती. ट्रस्टने कटिपो या कंपनीकडून नवी प्रणाली लिहून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती वापरात आणली आणि तिची आज्ञावली जगाला खुली केली. कटिपोने २००७ मध्ये आपला कोहा विभाग अमेरिकेतील लिबलाइमला विकला, २०१० मध्ये लिबलाइमही दुसऱ्या कंपनीकडे गेली, मग ‘कोहा’ या नावाच्या ट्रेडमार्कवरून भांडण झाले. एवढे होऊनही ग्रंथालयांची देवघेव थांबली नाही, कारण आज्ञावली कोणा एकाच्या कपाटात नव्हती.

खर्च मात्र आहेच. सर्व्हर लागतो, बॅकअप लागतो, लिनक्स जाणणारा माणूस लागतो. परवान्यावर जाणारा पैसा या माणसावर खर्च व्हावा, एवढेच माझे म्हणणे. राष्ट्रीय सूचना केंद्राचे ‘ई-ग्रंथालय’ विनामूल्य मिळते, पण त्याची आज्ञावली खुली नाही. हा फरक ठराव करण्यापूर्वी समजून घ्यावा. (दोन कपाटांच्या ग्रंथालयाने यातले काहीच करू नये. त्याला नोंदवही पुरते.)

मराठीपुरता तर कोहाचा आणखी एक मोठा फायदा आहे. ‘पु. ल. देशपांडे’, ‘देशपांडे, पु. ल.’ आणि ‘देशपांडे पुरुषोत्तम लक्ष्मण’ हे संगणकाला तीन लेखक वाटतात. कोहामध्ये लेखकाची एक अधिकृत नोंद करून पुस्तके तिला जोडता येतात. पर्यायी रूपे त्या नोंदीत भरून शोधात समाविष्ट केली, की वाचकाने त्यांतले कोणतेही रूप टंकित केले तरी पुस्तके सापडतात. शिवाय एका ग्रंथालयाने नीट केलेली नोंद दुसऱ्याला जशीच्या तशी उतरवून घेता येते. आज राज्यातली ग्रंथालये ‘मृत्युंजय’ची तीच नोंद आपापल्या परीने, आपापल्या चुकांसह करत बसली आहेत. हे श्रम कोण मोजतो?

महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, अनुदान आहे, ग्रंथालय संचालनालय आहे. संचालनालयाने मराठी लेखकनामांची एक सामाईक यादी करावी आणि जिल्ह्याला एक जाणकार तंत्रज्ञ द्यावा. ग्रंथालय कोणतेही सॉफ्टवेअर घेवो, सर्व नोंदी युनिकोडमध्ये आणि मार्क २१ या प्रमाण साच्यात कधीही बाहेर काढता आल्या पाहिजेत, ही अट संगणकीकरणाच्या प्रत्येक अनुदानाला जोडावी. विक्रेत्याने ही अट लेखी मान्य केल्याशिवाय त्याचे देयक मंजूर होऊ नये.

– एक निवृत्त ग्रंथपाल, सातारा जिल्हा