खिशातील परवाना

२६ सप्टेंबर २०२५ रोजी ब्रिटनचे पंतप्रधान कीअर स्टार्मर ह्यांनी डिजिटल ओळखपत्राची योजना जाहीर केली, आणि ह्या पार्लमेंटची मुदत संपण्यापूर्वी नोकरी धरू पाहणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवूनच आपला कामाचा हक्क शाबीत करावा लागेल असे सांगितले, तेव्हापासून आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या बैठकींत, दिवाळीच्या फराळाचा हिशेब चालू असतानाही, दुसरा विषय टिकेनासा झाला आहे. ‘कर नाही त्याला डर कशाला’ असे म्हणणारा एक पक्ष आहे, आणि मौज अशी की त्यात पुण्याहून वा बंगळुरूहून अलीकडे आलेले तरुण सभासद अधिक आहेत. शाळा-कॉलेजापासून आधारचा क्रमांक पाठ म्हणत ते वाढले, त्यांना आणखी एका क्रमांकाचे ओझे वाटत नाही. उलट पक्षात आहेत ती साठ-सत्तरच्या दशकांत ह्या देशात उतरलेली वडीलधारी मंडळी, ज्यांना त्या काळी इथल्या पोलिसाने वाटेत कागद न मागता नुसता पत्ता सांगितला ह्याचे अप्रूप वाटले होते आणि अजूनही वाटते. योजनेच्या विरोधातील अर्जावर वीस लाखांहून अधिक सह्या झाल्या, त्यांत आपल्याही काही सभासदांच्या असाव्यात. आम्हांला मात्र दोन्ही पक्षांना एकच गोष्ट विचारावीशी वाटते: जे ओळखपत्र येणार म्हणून हा वाद चालला आहे, ते आपल्या पाकिटात आधीच येऊन बसले आहे, त्याकडे कोणी पाहिले आहे काय?

ओळखपत्राच्या ह्या वादाचे मूळ शोधू गेल्यास ते उत्तर लंडनमधील फिंचली भागातल्या बॅलर्ड्‌स लेन नावाच्या रस्त्यावर सापडते. ७ डिसेंबर १९५० रोजी तेथे क्लॅरेन्स विलकॉक नावाच्या, लाँड्रीच्या धंद्यात व्यवस्थापक असलेल्या गृहस्थाची मोटार मकल नावाच्या शिपायाने अडवली. आरोप वेगाचा; पण शिपायाने मागितले ते राष्ट्रीय ओळखपत्र. विलकॉक ह्यांनी ते दाखवण्यास साफ नकार दिला. आपण लिबरल पक्षाचे आहोत आणि असल्या प्रकाराच्या विरुद्ध आहोत, एवढेच कारण त्यांनी सांगितले, आणि ठाण्यावर पत्र हजर करण्याबद्दलचा जो कागद त्यांच्या हाती देऊ केला तोही घेतला नाही. मॅजिस्ट्रेटने दोषी ठरवले, पण शिक्षा केली नाही. अपील सात न्यायाधीशांपुढे चालले, आणि १९५१ च्या जून महिन्यात सरन्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड ह्यांनी ते फेटाळताना असा अभिप्राय दिला की, युद्धकाळाच्या सुरक्षिततेसाठी केलेला कायदा वाटेल त्या कामासाठी वापरल्याने कायदा पाळणारी माणसेच कायदा मोडणारी बनतात. म्हणजे विलकॉक खटला हरले आणि वाद जिंकले. कारण पुढच्याच वर्षी, १९५२ च्या फेब्रुवारीत, चर्चिल ह्यांच्या सरकारने ओळखपत्रे रद्द केली.

हा इतिहास सांगताना बहुतेक जण येथे थांबतात. आम्हांला त्याच्या आधीचा भाग अधिक उद्‌बोधक वाटतो. २९ सप्टेंबर १९३९ ह्या दिवशी, युद्ध सुरू होऊन महिनाही लोटला नव्हता तेव्हा, सबंध देशात घरोघर शिरगणती झाली आणि त्या नोंदीवरून प्रत्येकाला ओळखपत्र मिळाले. त्यावर छायाचित्र नव्हते. नाव, क्रमांक, पत्ता आणि सही, एवढेच. हेतू तीन सांगण्यात आले होते: सैन्यभरती, राष्ट्राची सुरक्षितता आणि शिधावाटप. तीनही हेतूंना त्या दिवसांत कोणी शहाणा माणूस विरोध करता ना. पण दप्तर एकदा तयार झाले की त्याला गिऱ्हाईक मिळण्यास वेळ लागत नाही, आणि १९५० साल उजाडले तेव्हा त्या तीन हेतूंचे एकोणचाळीस झाले होते. ह्या छत्तिसांपैकी प्रत्येक वाढीमागे कोणी दुष्ट अंमलदार होता असे मुळीच नाही. प्रत्येकाचे काम थोडे सोपे झाले, इतकेच. पत्रे रद्द झाल्यावरसुद्धा त्यांवरचे क्रमांक मेले नाहीत. राष्ट्रीय आरोग्य सेवेची मध्यवर्ती नोंदवही त्याच शिरगणतीवरून सिद्ध झाली होती, आणि युद्धकाळातले ओळख-क्रमांक पुढे कित्येक वर्षे दवाखान्यांच्या कागदांवर नांदत राहिले.

आता पाकीट उघडू. ह्या देशात वाहन चालवण्याचा परवाना प्रथम १९०३ च्या मोटारगाडी कायद्याने आला. पाच शिलिंग भरले की तो मिळे, आणि मिळवणाऱ्याला गाडी चालवता येते की नाही हे पाहण्याची तसदी सरकारने पुढची तीस वर्षे घेतली नाही. चालकाची सक्तीची परीक्षा १९३५ ची. छायाचित्र तर १९९८ चे. त्याआधी घड्या घालघालून घडीवर फाटलेला तो कागदी परवाना आमच्या ज्येष्ठ सभासदांच्या ट्रंकांत अजून असेल. आजचा परवाना गुलाबी, गुळगुळीत, बँकेच्या कार्डाएवढा. त्यावर नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, सही आणि राहत्या घराचा पूर्ण पत्ता. क्रमांकाकडे सहसा कोणी बघत नाही. तो बघण्याजोगा आहे. पहिली पाच अक्षरे आडनावाची, म्हणजे रोमन लिपीत देशपांडे आणि देशमुख ह्यांचा फरक पाचव्या अक्षरावर पडतो. मग जन्मवर्षाचा दशकाचा अंक, मग महिना, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा अंक. आणि परवाना स्त्रीचा असेल तर महिन्याच्या पहिल्या अंकात पाच मिळवलेले. म्हणजे ज्याला किल्ली ठाऊक आहे, त्याला नुसत्या क्रमांकावरून आपली जन्मतारीख कळते आणि आपण बाई आहोत की बुवा हेही कळते.

आणि हा परवाना जवळ बाळगण्याची सक्ती ब्रिटनमध्ये नाही! भारतातून नव्याने आलेल्यांना हे सांगितले की त्यांचा विश्वास बसत नाही, कारण पुण्यात अलका टॉकीजच्या चौकात पोलीस-मामांनी शिटी वाजवल्यावर ‘घरी राहिला’ हे उत्तर किती उपयोगी पडते ह्याचा अनुभव त्यांच्या गाठी असतो. येथे १९८८ च्या रस्ता वाहतूक कायद्यान्वये पोलीस परवाना मागू शकतो. तो जवळ नसल्यास सात दिवसांच्या आत आपण निवडलेल्या ठाण्यावर स्वतः नेऊन दाखवला की गुन्हा उरत नाही. ह्या सात दिवसांत एक सभ्यता आहे. राज्यसत्ता नागरिकाला म्हणते की, तुझ्या शब्दावर आज जातो, कागद सवडीने आण. पण ही सभ्यता कायद्याच्या पुस्तकात तशीच राहिली आणि परवाना मात्र दुसऱ्याच मार्गाने सक्तीचा होऊन बसला. वाइनची बाटली घेताना पंचविशीच्या आतला दिसणारा प्रत्येक जण तो काढतो. भाड्याचे घर बघायला गेले की एजंट त्याची प्रत मागतो. पार्सल सोडवताना, कुठल्याशा कचेरीच्या दारावर, तो पुढे करावा लागतो. आणि २०२२ च्या निवडणूक कायद्यानंतर, २०२३ च्या मे महिन्यापासून, इंग्लंडात मतदान केंद्रावरही छायाचित्र असलेले पत्र दाखवावे लागते, ज्यासाठी बहुतेकांचा हात ह्याच परवान्याकडे जातो. वय अठराच्या वर आहे एवढेच दुकानदाराला हवे असते. आपण त्याला घराचा पत्ता देऊन येतो. गाडी न चालवणाऱ्या एका सभासद बाईंनी केवळ ओळखीसाठी शिकाऊ परवाना काढून ठेवला आहे, आणि स्टिअरिंगला आपण आयुष्यात कधी हात लावणार नाही असे त्या मोठ्या अभिमानाने सांगतात.

सक्ती कायद्याने येते त्याच्या पुष्कळ आधी ती वहिवाटीने येते, हे आमचे म्हणणे आहे.

ह्या वहिवाटीत आपण परदेशस्थ लोक यजमानांच्या नेहमी एक पाऊल पुढे असतो, ह्याची जाणीव तरुण सभासदांना असावी. टोनी ब्लेअर ह्यांच्या कारकिर्दीत, २००६ साली, ओळखपत्रांचा कायदा पुन्हा झाला. मँचेस्टरपासून आरंभ झाला, हौशी लोकांनी तीस पौंड भरून पत्रे घेतली, आणि २०१० मध्ये सरकार बदलताच सारे रद्द झाले. तीस पौंड कोणालाही परत मिळाले नाहीत. पुढील फेब्रुवारीत त्या नोंदवहीच्या तबकड्यांचा मंत्र्यांच्या उपस्थितीत, छायाचित्रकारांना बोलावून, यंत्रात चुरा करण्यात आला. नागरिकांच्या स्वातंत्र्याचा तो सोहळा चालू होता त्याच काळात परकीयांसाठी २००८ पासून सुरू झालेले बोटांच्या ठशांचे रहिवास-पत्र मात्र निर्वेध चालू राहिले, आणि त्याबद्दल कोणी अग्रलेख लिहिल्याचे आम्हांला आठवत नाही. आता तेही पत्र गेले. त्याच्या जागी ई-व्हिसा आला आहे, जो हातात धरता येत नाही. मालकाला दाखवायचा तो संकेतांक सरकारी संकेतस्थळावरून घ्यावा लागतो आणि नव्वद दिवसांनी तो निकामी होतो. थोडक्यात, जे डिजिटल ओळखपत्र गोऱ्या शेजाऱ्याला उद्या मिळणार म्हणून तो चिडला आहे, ते आपल्यातल्या पुष्कळांना कालच मिळालेले आहे.

ह्याची परंपराही जुनी आहे, आणि तिच्यात हिंदी माणसाचा वाटा दोन्ही अंगांनी आहे. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याचे दप्तर १८९७ मध्ये कलकत्त्यास उघडले, आणि ती विद्या १९०१ मध्ये तेथून स्कॉटलंड यार्डात गेली. पाचच वर्षांनी दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालच्या सरकारने आठ वर्षांवरील प्रत्येक हिंदी माणसाने ठसे देऊन दाखला घ्यावा आणि पोलीस मागेल तेव्हा तो हजर करावा असा कायदा योजिला, आणि ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाटकगृहात तो न पाळण्याची शपथ घेतली गेली. सत्याग्रहाचा जन्म ओळखपत्राच्या तंट्यातून झाला, हे शाळेत शिकवतात. त्या कथेतली गुंतागुंत शिकवीत नाहीत. १९०८ च्या जानेवारीत ट्रान्सवालचे मंत्री जनरल स्मट्‌स ह्यांच्याशी तडजोड झाली की, हिंदी लोकांनी आपखुशीने नोंद करावी म्हणजे सक्ती उठेल. आणि गांधी स्वतः ठसे देण्यास निघाले. सक्तीने जे देणे अपमान, ते स्वेच्छेने देणे सौजन्य, असा त्यांचा युक्तिवाद होता. वाटेत मीर आलम नावाच्या पठाणाने त्यांना डोके फुटेतो मारले, कारण त्याला हा भेद पटला नव्हता. सक्ती उठली नाही. त्याच वर्षी १६ ऑगस्टला हमीदिया मशिदीच्या आवारात एका मोठ्या कढईत रॉकेल ओतून दोन हजारांहून अधिक दाखले जाळण्यात आले. गांधींच्या तत्त्वाला आमचा प्रणाम आहे, पण सरकारी दप्तराच्या स्वभावाची परीक्षा त्या दिवशी मीर आलमला अधिक होती असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

ऐच्छिक म्हणून येणाऱ्या गोष्टींची पुढची वाटचाल आपल्या महाराष्ट्राने जवळून पाहिली आहे. देशातले पहिले आधार कार्ड नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या आदिवासी गावात दिले गेले, आणि तोही दिवस, योगायोगाने, २९ सप्टेंबरच होता, २०१० सालचा. ते ऐच्छिक आहे असे सांगितले गेले. मग रेशन, मग गॅस, मग बँक, मग मोबाइल, मग प्राप्तिकराचा पॅन. शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेथे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने दुसऱ्या निकालात बँक आणि मोबाइल ह्यांची सक्ती उठवून पॅनची कायम ठेवली. न्यायमूर्ती चंद्रचूड ह्यांनी ह्या दुसऱ्या निकालात भिन्न मत नोंदवले. मूळचे आपल्याच भागातले घराणे म्हणून नव्हे, तर एरवीही ते मत वाचण्याजोगे आहे.

तरीही कागद नसणे म्हणजेच स्वातंत्र्य, असे मानणाऱ्या आमच्या ज्येष्ठांशीही आम्ही पूर्ण सहमत होऊ शकत नाही. १९४८ नंतर कॅरिबियन बेटांवरून रीतसर आलेल्या लोकांची मुले येथे वाढली, त्यांनी कर भरले, आणि २०१८ मध्ये उघडकीस आले की कागद दाखवता न आल्याने त्यांतल्या कित्येकांच्या नोकऱ्या, उपचार आणि घरेसुद्धा गेली, काहींना देशाबाहेर घालवण्यात आले. त्यांच्या आगमनाची नोंद असलेली जुनी उतरण-पत्रे २०१० मध्ये सरकारनेच नष्ट केली होती. ज्याचा चेहरा पाहून कोणी कागद मागत नाही, त्याला कागद नसण्याची चैन परवडते. आपल्यापैकी ज्यांना त्या काळी रस्त्यात कोणी अडवले नाही त्यांचे नशीब थोर, पण तो नियम नव्हता. म्हणून कार्ड असावे की नसावे ह्यापेक्षा ते कोणी मागावे, कोणत्या कामासाठी मागावे, आणि पाहून झाल्यावर त्याचे काय करावे, ह्यावर आमचा कटाक्ष आहे. पाहणे वेगळे आणि प्रत काढून ठेवणे वेगळे.

हा भेद सरकारला शिकवण्याआधी घरात पाळावा, म्हणून एक घरगुती बाब. आगामी वर्षाच्या सभासद-अर्जाचा मसुदा कार्यकारिणीपुढे आला, तेव्हा त्यात कुटुंबातील प्रत्येकाची जन्मतारीख, आणि विद्यार्थी सवलतीसाठी परवान्याची वा पासपोर्टाची छायाप्रत, ईमेलने, अशी कलमे होती. सूचना करणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता: ज्येष्ठांना वाढदिवसाचे कार्ड पाठवावे, आणि चाळिशीतले विद्यार्थी नाट्यप्रयोगाला अर्ध्या तिकिटात बसू नयेत. बराच वेळ खल झाला. एका सदस्यांनी विचारले की, ह्या छायाप्रती राहणार कोणाच्या संगणकावर, आणि चिटणीस बदलले की त्या कोणाच्या हवाली होणार? ह्याचे उत्तर कोणाकडे नव्हते.

सुधारित मसुद्यात नाव, टपालाचा पत्ता, फोन, आणि मोठी माणसे किती व मुले किती एवढीच कलमे ठेवली आहेत. वाढदिवसाचे कार्ड हवे असणाऱ्यांनी फक्त दिवस आणि महिना कळवावा. विद्यार्थ्यांनी कॉलेजचे कार्ड खजिनदारांना समक्ष दाखवावे. ते पाहून परत देतील, प्रत ठेवणार नाहीत, आणि कार्ड त्या दिवशी विसरल्यास सात दिवसांची मुदत राहील. हा मसुदा वार्षिक सभेपुढे ठरावाच्या रूपाने येईल. जन्मतारखेचे कलम परत घालावे असे ज्यांना वाटते, त्यांनी आपली उपसूचना सभेच्या आदल्या रविवारपर्यंत चिटणिसांकडे लेखी द्यावी.