म्हातारीचा तवा

जळगाव जामोद हे सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले तालुक्याचे गाव. खानदेशातल्या जळगावाशी गल्लत होऊ नये म्हणून शेजारच्या जामोदचे नाव त्याला जोडले गेले. या गावात साहित्य शिकवताना एक प्रश्न आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत : "सर, हे पेपरात येते का?" येत असेल तर वह्या उघडतात, नसेल तर मिटतात. या प्रश्नाचा राग मानणे आम्ही केव्हाच सोडून दिले होते. पण ज्या विद्यार्थ्याच्या तोंडी तो सर्वांत अधिक वेळा येई, त्यानेच एके दिवशी आम्हाला असे काही सांगितले, की त्या प्रश्नाकडे नव्याने पाहणे भाग पडले.

हा मुलगा थोरल्या भावाच्या जुन्या संगणकावर 'द विचर ३' हा २०१५ सालचा व्हिडिओ गेम खेळत होता. आंद्रेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथाविश्वावर तो बेतलेला आहे. त्याचा नायक गेराल्ट हा मोबदला घेऊन राक्षस मारणारा भटक्या. आरंभी तो प्रेयसी येनेफर हिच्या शोधात असतो आणि पुढे पोटच्या मुलीसारख्या सिरीच्या. भोवती युद्ध पेटलेले आहे. क्षणाचाही विलंब परवडणारा नाही. अशा वेळी पहिल्याच मुलखात एका बंद झोपडीबाहेर एक म्हातारी भेटते. तिने उसना दिलेला तवा आत अडकून पडला आहे आणि तो तिला परत हवा आहे. या कामगिरीचे बक्षीस म्हणावे तर जवळजवळ काहीच नाही. आमच्या विद्यार्थ्याने मुख्य शोध बाजूला ठेवून तो तवा आणून दिला. का, असे विचारल्यावर तो म्हणाला, "सर, म्हातारी बाहेर उभी होती. तिले कोन आनून देईन?"

हे उत्तर आम्हाला साहित्याच्या अभ्यासकाने दखल घ्यावी असे वाटते. या जातीच्या खेळांना 'आरपीजी', म्हणजे भूमिका घेऊन खेळायचे खेळ, म्हणतात. त्यांची चर्चा बहुधा नायकाच्या प्रवासाभोवती फिरते. जोसेफ कॅम्पबेलच्या १९४९ सालच्या ग्रंथातला आराखडा समोर ठेवायचा आणि साद, उंबरठा, कसोटी, परतणे अशा खुणा एकेक करून लावत जायचे. हा आराखडा नायक का निघतो ते सांगतो. खेळणारा का निघतो, याविषयी तो मुका आहे. कादंबरीत हा प्रश्न फारसा बोचत नाही, कारण वाचक थांबला तरी नायकाची वाट पुस्तकात लिहिलेली असते. खेळात मात्र खेळणाऱ्याने पाऊल उचलले नाही तर नायकही जागचा हलत नाही. नायकाचा हेतू आणि खेळाडूचा हेतू अशा दोन हेतूंवर ही कथा चालते, आणि त्यांचे जुळेलच असे नाही. मुलीच्या शोधात निघालेला बाप खानावळीत पत्ते कुटत बसतो, तो यामुळेच.

पाश्चात्त्य समीक्षेत यावर बराच काथ्याकूट झाला आहे. आपल्याकडच्या वाचकाला मात्र ही गोष्ट अगदीच परकी वाटू नये. वनपर्वात पांडवांचे राज्य गेलेले आहे, द्रौपदीचा अपमान ताजा आहे. आणि तरीही व्यासांची कथा तीर्थयात्रा करते, नल-दमयंतीची गोष्ट ऐकते, सावित्रीची ऐकते. त्याआधी एकचक्रा नगरीत कुंती भीमाला बकासुराकडे धाडते, ते राज्यासाठी नव्हे; ज्या घरात आश्रय मिळाला त्या घरावर पाळी आली म्हणून. मुख्य कथेला खीळ बसते, पण माणसे कळतात ती अशाच ठिकाणी. म्हातारीचा तवा याच कुळातला आहे.

मग खेळाडू निघतो कशासाठी? रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये या प्रश्नाचे एक उत्तर दिले. १९७८ मध्ये इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात जन्मलेल्या 'मड' या शब्दांनी खेळायच्या सामूहिक खेळाचे ते एक कर्ते. त्यांनी खेळाडूंची विभागणी पत्त्यांच्या चार रंगांत केली : मिळकतीमागे लागणारे ते चौकट, मुलूख धुंडाळणारे ते इस्पिक, माणसे जोडणारे ते बदाम आणि दुसऱ्यावर कुरघोडी करणारे ते किलवर. व्यवहारात मात्र खेळ बनवणाऱ्यांची भिस्त बहुतेकदा चौकटवरच राहिली. १९७४ च्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'पासून अनुभवाचे गुण मोजण्याची पद्धत रूढ झाली. २००४ च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये तर कामगिरी देणाऱ्या पात्राच्या डोक्यावर पिवळे उद्गारचिन्हच तरंगते. चिन्ह दिसले की जायचे, काम करायचे, गुण घ्यायचे; काम देणाऱ्याचे दुःख काय होते, हे वाचण्याचीही गरज नाही.

आमिषाने हेतू कसा पोखरला जातो, याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये तो प्रसिद्ध केला. चित्रे काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना, चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल, असे आधी सांगण्यात आले. पुढे बक्षिसाची बात नसताना त्या मुलांचा चित्रांतला रस कमी झालेला दिसला. ज्यांना बक्षीस अनपेक्षितपणे मिळाले किंवा मिळालेच नाही, त्यांच्या बाबतीत असे झाले नाही.

आमच्या परंपरेला हा भेद ठाऊक आहे. व्रताच्या कहाणीत प्रत्येक कष्टाला फळ जोडलेले असते आणि पोथीच्या शेवटी फलश्रुती असते. तिला हिणवण्याचे कारण नाही. संसारी माणसाला ती चालते करते. पण तिच्याशेजारीच वारी आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या शेगावहून दरवर्षी गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला पायी जाते. वाट ठाऊक, मुक्काम ठाऊक, शेवटी कोण भेटणार तेही ठाऊक. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. नवे काही हाती लागणार नाही हे जाणूनच निघालेल्या माणसाला 'काय मिळाले' हा प्रश्न लागू पडत नाही.

काही खेळांनाही हे उमगले आहे. १९८५ च्या 'अल्टिमा ४' मध्ये शेवटी मारायला कोणी महाराक्षसच नाही. आठ सद्गुण अंगी बाणवून खेळाडूने 'अवतार' व्हायचे आहे. त्यात औषधी विकणारी एक आंधळी बाई आहे. तिच्या हातावर किती पैसे ठेवायचे, ते खेळाडूने ठरवायचे. कमी ठेवले तर ती काही बोलत नाही. खेळ मात्र त्याची मुकाट नोंद ठेवतो. २०१५ च्या 'अंडरटेल'ने तर गुणांचाच मुखवटा काढला : जमवलेले अनुभवाचे गुण म्हणजे प्रत्यक्षात केलेल्या हत्यांचा हिशेब, हे शेवटाकडे उघड होते. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० चा 'राजी' हा काटेकोर अर्थाने आरपीजी नव्हे. पण राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधणारी राजी पाहताना बक्षीस काय, हा प्रश्न मनात येत नाही. भाऊ हरवला आहे, एवढे कारण पुरते.

आमच्यावर भाबडेपणाचा आक्षेप येईल, याची कल्पना आहे. मोबाईलवरचे कितीतरी खेळ रोजच्या हजेरीचे बक्षीस, नशिबाच्या पेट्या, अशा युक्त्यांनी मुलांना बांधून ठेवतात आणि पालकांच्या खिशाला चाट लावतात. हे खरे आहे, आणि त्याची पाठराखण आम्ही करणार नाही. पण दोष आहे तो हेतू विकत घेण्याच्या त्या रीतीत. आणि ती रीत निषिद्ध मानायची, तर आम्हा शिक्षकांना आधी आपल्या वर्गाकडे पाहावे लागेल.

कारण डोक्यावर पिवळे उद्गारचिन्ह घेऊन वर्गात उभे राहिलेले पात्र आम्हीच आहोत. कविता शिकवण्याआधी तिला किती गुण आहेत, हे आम्ही सांगतो. संदर्भासहित स्पष्टीकरण, टिपा, दीर्घोत्तरी प्रश्न : एकेक कामगिरी आणि तिचा भाव. रात्री जो मुलगा कुणी न सांगता म्हातारीचा तवा आणून देतो, तोच सकाळी आमच्यासमोर 'पेपरात येते का' असे विचारतो. दोन्ही ठिकाणी मुलगा एकच आहे. त्याला निराळा केला तो आमच्या वर्गाने.

परीक्षा रद्द करा, असे आम्ही म्हणत नाही. ते आमच्या हातात नाही. एवढेच सुचवतो, की वर्षातून काही तास तरी पेपरात न येणारे काही वाचावे आणि ते पेपरात येणार नाही, हे आधीच सांगून टाकावे. आम्ही गेल्या सत्रात एकदा ते केले. अर्ध्याहून अधिक मुले उठून गेली. तो मुलगा बसला होता. का बसलास, असे आम्ही त्याला मुद्दामच विचारले नाही.