एआयचं पिक्सेल आर्ट झूम करून बघा! पोज, बॅलन्स आणि डिटेल नेमकं कुठे फसतं?

डिसेंबर २०२५ मध्ये इंडी गेम अवॉर्ड्सने 'क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पेडिशन ३३' या गेमला दिलेले दोन पुरस्कार परत घेतले. त्यात गेम ऑफ द इयरही होता. कारण काय, तर गेम बनवताना जनरेटिव्ह एआय वापरलं गेलं होतं आणि या पुरस्कारांच्या नियमात ते बसत नाही. ती टेक्श्चर्स तात्पुरती होती, नंतर काढूनही टाकली होती. तरी निर्णय बदलला नाही.

हा गेम पिक्सेल आर्टचा नाही. पण या वादाची झळ सगळ्यात जास्त कुणाला बसते, तर मोबाईलवर ३२ बाय ३२ च्या चौकटीत कॅरेक्टर काढून विकणाऱ्या नवख्या पोरापोरींना. जानेवारी २०२४ पासून स्टीमवर गेम टाकताना एआयने बनवलेला कंटेंट आहे का, हे डेव्हलपरला सांगावं लागतं. इच डॉट आयओने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्प्राइट आणि बाकीचे असेट विकणाऱ्यांनाही तेच बंधन घातलं. म्हणजे तुम्ही कुणाला एखादा योद्धा काढून दिलात, तर 'हे हाताने काढलंय ना?' हा प्रश्न येणारच. आणि खरंच हाताने काढलेलं असूनही संशय येऊ शकतो, ही यातली खरी पंचाईत आहे.

मग ओळखायचं कसं? आधी झूम करा. खऱ्या पिक्सेल आर्टमध्ये प्रत्येक ठिपका एकाच मापाचा असतो आणि एकाच ग्रिडवर बसतो. साध्या इमेज जनरेटरच्या चित्रात डोळ्याचा ठिपका मोठा, पट्ट्याचा बारीक, आणि कडा धुरकट दिसतात. आठ-दहा रंग वाटतात तिथे रंग मोजले तर हजारो निघतात. याचं कारण त्या मॉडेलच्या रचनेतच आहे. स्टेबल डिफ्युजनच्या सुरुवातीच्या मॉडेलचंच बघा. ते ५१२ बाय ५१२ चं चित्र थेट काढत नाही. आतल्या आत ६४ बाय ६४ च्या आकुंचित रूपावर काम करतं आणि शेवटी ते फुगवून चित्र बनवतं. ज्या यंत्राच्या पोटात सुट्या पिक्सेलला जागाच नाही, त्याने पिक्सेल जागेवर ठेवावा तरी कसा?

पण यावर फार विसंबू नका. रेट्रो डिफ्युजनसारखी खास पिक्सेल आर्टसाठीची टूल्स आली आहेत आणि ती ग्रिड नीट पाळतात. झूम करून पकडायची युक्ती काही काळच चालेल. राहील तो फरक म्हणजे पोज, तोल, आणि कुठला ठिपका ठेवायचा, कुठला काढायचा याचा निर्णय.

मारिओचंच घ्या ना. १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये शिगेरु मियामोतो यांनी त्याला टोपी दिली, कारण इतक्या कमी पिक्सेलमध्ये केस काढणं अवघड होतं. मिशा दिल्या, म्हणजे तोंड काढायला नको आणि नाक उठून दिसेल. डंगरी दिली, म्हणजे हलणारे हात अंगापासून वेगळे दिसतील. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधला छोटा मारिओ १६ बाय १६ चा आहे आणि त्यात फक्त तीन रंग आहेत. केस, मिशा, शर्ट आणि बूट, सगळं एकाच तपकिरी रंगात उरकलंय! तरी कुणाला शंका येत नाही.

आता तुमच्या कॅरेक्टरकडे या. नवशिक्याचा पहिला स्प्राइट बहुतेक वेळा सारखाच असतो. समोर तोंड, हात खाली, पाय जुळवलेले. दोष मिरर टूलचा. अर्धं काढलं की उरलेलं आपोआप होतं, म्हणून आपण ते चालूच ठेवतो. माझं मत विचाराल तर ते पहिल्या पाच मिनिटांनंतर बंद करा.

मग सगळं कॅरेक्टर एकाच काळ्या रंगाने भरून बघा. नुसत्या सावलीवरून तो काय करतोय हे कळतंय का? नसेल तर वर कितीही शेडिंग केलं तरी फायदा नाही. इथे विटेवरचा विठोबा आठवा. मूर्ती अगदी सरळ, दोन्ही बाजू सारख्या. तरी नुसत्या बाह्यरेषेवरून लहान पोरही ओळखतं, कारण कमरेवरच्या हातांमुळे कोपर आणि अंग यांच्यामध्ये दोन मोकळ्या जागा राहतात. म्हणजे सरळ उभं असणं हा गुन्हा नाही, हात अंगाला चिकटलेले असणं हा आहे. ३२ पिक्सेलच्या कॅरेक्टरमध्ये हात आणि धड यांच्यात एक-दोन पिक्सेलची फट सोडा, मागचं बॅकग्राउंड त्यातून दिसू द्या.

तोलासाठी बासरीवाला कृष्ण बघा. एका पायावर भार, मान, कंबर आणि गुडघा वेगवेगळ्या दिशेला वळलेले. यालाच त्रिभंग म्हणतात. पिक्सेलमध्ये याचा हिशोब सोपा आहे. ज्या पायावर भार, त्या बाजूची कंबर एक पिक्सेल वर आणि त्याच बाजूचा खांदा एक पिक्सेल खाली. मानेखालच्या खळगीपासून सरळ खाली रेघ ओढली तर ती भार असलेल्या पायाच्या आसपास पडायला हवी. ती दोन्ही पावलांच्या बाहेर गेली तर तुमचा योद्धा पडतोय असं वाटेल. पळताना किंवा वार करताना ते चालतं, तिथे पडणंच हवं असतं. उभं असताना नाही. आणि हातात जड तलवार असेल तर अंग उलट्या बाजूला कललं पाहिजे. कमरेवर भरलेली कळशी घेतलेली बाई कशी चालते ते डोळ्यासमोर आणा, पुढचं आपोआप जमेल.

डिटेल सगळ्यात शेवटी. इथे बहुतेक जण उलटं करतात, आधी बक्कल आणि बटणं काढत बसतात. ३२ पिक्सेलमध्ये डोळा दोन ठिपक्यांचा, नाक बऱ्याचदा नसलेलंच बरं. आजूबाजूला सोबती नसलेला एकटा ठिपका दिसला की विचारा, हा नेमकं काय दाखवतोय? उत्तर नसेल तर पुसा. तिरक्या रेषेच्या पायऱ्या तीन, दोन, दोन, एक अशा क्रमाने कमी होऊ द्या. तीन, एक, दोन झालं की रेष दातेरी दिसते. कडेने सगळीकडे गडद आणि मध्ये फिकट असं शेडिंग केलं तर कॅरेक्टर उशीसारखं फुगतं. उजेड एका बाजूने येतोय हे ठरवा. सावलीला नुसता काळा मिसळू नका, रंग थोडा निळ्या-जांभळ्याकडे सरकवा. सर्वात जास्त काळा-पांढरा फरक चेहऱ्यावर किंवा शस्त्रावर ठेवा, बुटांवर नको.

मोबाईलवर आणखी एक घोळ होतो. स्क्रीनचे पिक्सेल इतके दाट असतात की ३२ पिक्सेलचा स्प्राइट मूळ मापात जेमतेम दोन मिलिमीटर दिसतो, म्हणून आपण प्रचंड झूम करून काढतो आणि गेममध्ये तो कसा दिसेल हेच विसरतो. अधूनमधून तीनपट किंवा चारपट मापात बघत जा. एक्सपोर्टही पूर्ण पटीतच करा, अडीचपट नाही, आणि फाइल पीएनजी ठेवा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवलात तर तो कॉम्प्रेस होतो, कडा धुरकट होतात आणि भलतेच रंग घुसतात. समोरच्याने झूम केलं की ते थेट एआयसारखं दिसतं! डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पिक्सेलोरामा आणि लिब्रेस्प्राइट ही टूल्स फुकट आहेत. कुठलंही वापरा, पण फायनल पीएनजीवर थांबू नका. लेयरसकट मूळ फाइल जपा आणि काळ्या सावलीची पहिली आवृत्ती वेगळी सेव्ह करा. उद्या गिऱ्हाईकाने विचारलं, तर ती फसलेली पहिली पोज, सरकवलेला खांदा आणि पुसलेली बटणं दाखवता येतील.