आठवीपर्यंत कायदा, पुढें नशीब!

जून महिना उजाडला कीं कोल्हापूर जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या डोक्यावर दोन पेरण्या एकदम येतात. एक रानांतली व दुसरी घरांतली. रानांतल्या पेरणीची काळजी सर्वांस दिसते. बी कोठून आणावें, खत कोणाकडून उधार घ्यावें, पाऊस केव्हां येईल, याची चर्चा पारावर रोज होते. घरांतली पेरणी म्हणजे लेकरांची शाळा. तिची चर्चा पारावर होत नाहीं. ज्याचें पोर आठवी पास झालें, तो बाप एकटाच दाखला हातांत घेऊन एका शाळेच्या दारांतून दुसरीच्या दारांत हिंडतो. आणि जागा मिळाली नाहीं किंवा फी झेपली नाहीं, तर घरीं येऊन मुकाट्यानें पोराच्या हातीं खुरपें देतो. ‘आमच्या नशिबींच विद्या नाहीं,’ असें म्हणून तो गप्प बसतो. आमचें म्हणणें असें कीं हा नशिबाचा खेळ नव्हे. हा हिशेबाचा प्रश्न आहे, आणि तो हिशेब रयतेनें एकजुटीनें सरकाराकडे मागितला पाहिजे.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून तो अमलांत आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास पहिलीपासून आठवीपर्यंत शिकण्याचा हक्क त्यानें दिला. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणें पांचवीपर्यंतची शाळा घरापासून एका किलोमीटरच्या आंत व आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आंत असावी. येथवर उत्तम झालें. परंतु मूल नववीच्या उंबऱ्यावर आलें कीं कायदा त्याचा हात सोडतो. माध्यमिक शाळा पांच किलोमीटरच्या आंत असावी असें सरकारी योजनांच्या कागदांत लिहिलेलें आहे. पण योजना म्हणजे हक्क नव्हे. हक्काची गोष्ट कलम दाखवून मागतां येते. योजनेची गोष्ट हात जोडून मागावी लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत तीन वर्षांपासून अठरा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची भाषा आली, पण धोरणाच्या भाषेनें वर्गांत एक बाकहि वाढत नाहीं.

आतां ही गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या जमिनीवर लावून पहा. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा सातवीला किंवा आठवीला थांबतात. पुढचें हायस्कूल बहुधा खाजगी संस्थेचें असतें. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या डोंगरी भागांत वाड्या विखुरलेल्या आहेत. नकाशावरचे पांच किलोमीटर आणि आषाढांत ओढा ओलांडून चालावयाचे पांच किलोमीटर हे एक नव्हेत, हें कचेरींतल्या साहेबांस कोणी सांगावें? मुलींस एस. टी. चा मोफत पास आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण शाळा सुटतांना गाडीच नसेल तर पास घेऊन काय करावें? मग आई म्हणते, ‘पोरगी अंधाराची येते, पुरे झाली शाळा.’ त्या आईस अडाणी म्हणणारे पुष्कळ भेटतात. गाडीची वेळ बदलून देणारा एकहि भेटत नाहीं.

कारागिरांची कहाणी निराळी नाहीं. चामड्याची चप्पल शिवणारा, मडकीं घडविणारा, हुपरीच्या चांदीवर काम करणारा, इचलकरंजीच्या मागावर उभा राहणारा, या सर्वांची मुलें हुशार नाहींत असें कोण म्हणेल? शहरांत शाळा पुष्कळ आहेत. पण ज्या शाळेंत फी नाहीं तेथें जागा नाहीं, आणि जेथें जागा आहे तेथें फी आहे. अशी ही गरीबाची कोंडी आहे.

हें दुखणें जुनें आहे, आणि त्यावरचें औषधहि याच मातीनें दाखविलेलें आहे. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें महात्मा जोतीराव फुले यांनीं हेंच गाऱ्हाणें मांडलें होतें कीं, सरकारी तिजोरी रयतेच्या घामानें भरते आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो. त्या काळीं शेतकरी साऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकल फंड भरीत असे, आणि शाळा दुसऱ्याच्या मुलास मिळत असे. राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. मुलास शाळेंत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला. हें सर्वांस ठाऊक आहे. पण त्याच्या आधींची गोष्ट आपण विसरतों. १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें, आणि त्यामागून जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठीं वसतिगृहें निघालीं. तीं कशासाठीं? हायस्कूल कोल्हापूर शहरांत होतें आणि मुलें खेड्यांत होतीं म्हणून. शाळा गांवांत नेतां येत नव्हती, तर महाराजांनीं गांव शाळेजवळ आणलें. वसतिगृह म्हणजे माध्यमिक शाळेंतली जागाच होती. तिला छप्पर होतें आणि तिच्यांत ताट होतें. त्या ताटांत दरबारची देणगी होती आणि समाजाची वर्गणीहि होती.

याच जिल्ह्यांतील कुंभोज येथें जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापुरांत बोर्डिंगांत राहून राजाराम हायस्कुलांत शिकले. त्यांनीं १९१९ सालीं कऱ्हाड तालुक्यांत काले येथें रयत शिक्षण संस्था काढली. खेड्यापाड्यांतून धान्य गोळा झालें, लक्ष्मीबाईंचे दागिने मोडले गेले, आणि १९४० सालीं साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल उभें राहिलें. पुढें १९५२ सालीं आजरा तालुक्यांतल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक यांनीं गारगोटीस मौनी विद्यापीठ उभारलें, आणि १९५४ सालीं बापूजी साळुंखे यांनीं कोल्हापुरांत स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था काढली. सरकारनेंहि त्या काळांत हात दिला. १९५९ च्या सुमारास यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनें बाराशे रुपयांहून कमी वार्षिक उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांस फी माफ केली. शिकलेल्या पहिल्या पिढीचे आजचे आजोबा त्याच सवलतीवर शिकले. मुलींस बारावीपर्यंत फी नसावी असाहि निर्णय पुढें झाला. गाडीचीं दोन चाकें होतीं. एक रयतेची मूठ आणि दुसरें सरकारचें अनुदान. म्हणून गाडी चालली.

मग बिघडलें कोठें? दुसरें चाक हळूहळू काढून घेतलें गेलें. अनुदान हा शब्द मोठा वाटतो, पण त्याचा मुख्य अर्थ इतकाच कीं शिक्षकाचा पगार सरकार देतें. तो सरकारनें दिला नाहीं तर पैसा दोनच ठिकाणांहून येतो. पालकाच्या खिशांतून किंवा शिक्षकाच्या पोटांतून. २००१ सालीं राज्य सरकारनें ठरविलें कीं नव्या शाळांस परवानगी द्यावयाची ती कायम विनाअनुदान तत्त्वावर. २००९ सालीं त्यांतील ‘कायम’ हा शब्द काढून टाकला. पण शब्द काढणें सोपें, पैसा देणें अवघड. पुढें शिक्षकांनीं मोर्चे काढले, उपोषणें केलीं, तेव्हां कोठें वीस-वीस टक्क्यांच्या हप्त्यांनीं अनुदान सुटूं लागलें. इकडे २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानें निराळेंच दार उघडलें: पैसा तुमचा, शाळा तुमची, फीहि तुमचीच. ज्याच्या गांठीं पैसा आहे त्याला हें दार राजवाड्याचें आहे. ज्याच्या गांठीं नाहीं त्याला ती भिंत आहे.

एका बाजूनें नवी अनुदानित जागा निघेना, आणि दुसऱ्या बाजूनें जुनीहि टिकेना. डिसेंबर २०१७ मध्यें कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३ सालीं वीसांहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव मागविले गेले. १५ मार्च २०२४ च्या निर्णयानें संचमान्यतेचे निकष बदलले व लहान शाळांवर शिक्षक गमावण्याची पाळी आली. प्रा. एन. डी. पाटील यांनीं २०२२ सालीं निधन होईपर्यंत शिक्षणाच्या या बाजाराविरुद्ध कोल्हापुरांतून आवाज उठविला. तो आवाज आतां पालकांच्या गळ्यांतून निघाला पाहिजे.

कोणी म्हणेल कीं, पटच नाहीं तर सरकारनें शिक्षक काय भिंतींना शिकवावयास द्यावा? प्रश्न वाजवी आहे. पण त्याचें उत्तर उलट्या टोकाकडून मिळतें. शिक्षक कमी झाला कीं गणित व विज्ञान बंद पडतें. गणित बंद पडलें कीं ऐपतीचा पालक मुलाला तालुक्याला नेतो. त्यानें नेलें कीं पट आणखी घसरतो, आणि घसरलेला पट दाखवून आणखी एक शिक्षक काढला जातो. विहिरींतला गाळ काढावयाचा नाहीं आणि पाणी आटलें म्हणून विहीर बुजवावयाची, असा हा न्याय आहे. शिवाय डोंगरांतल्या वाडीचा पट कमीच असणार. वाडी लहान आहे हा काय वाडीतल्या पोरांचा गुन्हा?

दुसरा म्हणेल, सरकारजवळ पैसा नाहीं. कोठारी आयोगानें १९६६ सालीं सांगितलें कीं राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्चावेत. त्या आयोगाचे सदस्य-सचिव आमचे जे. पी. नाईकच होते. २०२० च्या धोरणानें तोच सहाचा आंकडा पुन्हां लिहिला. चोपन्न वर्षांनीं तेंच वाक्य पुन्हां लिहावें लागतें याचा अर्थ पैसा नव्हता असा नसून मागणारा नव्हता असा आहे. धरणें, रस्ते, कर्जमाफी यांसाठीं आम्ही रस्त्यावर उतरतों. शाळेसाठीं किती वेळां उतरलों? अमेरिकेंत १९१० ते १९४० च्या दरम्यान शेतकऱ्यांच्या लहान लहान गांवांनीं स्वतःवर कर बसवून सार्वजनिक हायस्कुलें उभारलीं. इंग्लंडनें लढाई चालू असतांना १९४४ सालीं कायदा करून सरकारी माध्यमिक शाळांतील फी बंद केली. लढाईंतल्या देशास तें परवडलें, तर आम्हांस परवडत नाहीं हें कोणत्या तोंडानें सांगावें?

आतां कडू गोष्ट आपल्या घरचीहि सांगितली पाहिजे. रयतेच्या मुठीनें ज्या संस्था उभ्या राहिल्या त्यांच्या नांवानें मतें मागून पुढारी झालेले, आणि पुढारी झाल्यावर फीच्या शाळांचे मालक झालेले, आपल्यांतहि थोडे नाहींत. पूर्वीं विद्येच्या दारांत जात आडवी येत असे. आतां पावती आडवी येते. दार अडविणारा परका असो वा आपल्याच भावकींतला, बाहेर उभें राहणारें पोर तेंच आहे. आणि आपण पालकहि निर्दोष नाहीं. गांवची शाळा ओस पाडून कर्ज काढून पिवळ्या गाडींत पोर बसविणारे आपणच, आणि शाळेच्या सभेचें बोलावणें आलें कीं ‘मला रानांत काम आहे’ म्हणणारेहि आपणच.

तेव्हां करावें काय? आम्ही चारच गोष्टी सुचवितों. पहिली: प्रत्येक वाडीनें आपल्या मुलांची यादी करावी. पांचवीपासून दहावीपर्यंत मुलें किती, मुली किती, शाळा सुटलेलीं किती, नववीची शाळा किती दूर व तेथें गाडी किती वाजतां. एका वहींत हें मावतें, आणि अशी वही हातांत असली कीं कचेरींतला कारकून उभा राहून बोलतो. दुसरी: सरकारी व अनुदानित शाळांस शाळा व्यवस्थापन समिती असते, कायद्यानें तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार तिला आहे. ही समिती कागदावर सह्या करण्यापुरती राहूं देऊं नये. तिसरी: ग्रामसभेंत ठराव करावा, कीं आमच्या भागांत नववी-दहावीच्या इतक्या अनुदानित जागा पाहिजेत, इतके शिक्षक पाहिजेत, अमुक वेळेची गाडी पाहिजे, आणि पांच-दहा गांवांचे ठराव एकत्र करून जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्याकडे व आमदाराकडे न्यावेत. एका गांवचा अर्ज फायलींत झोपतो. दहा गांवांचा अर्ज झोपूं देत नाहीं. चौथी: जेथें शाळा नेणें खरोखरच अशक्य आहे तेथें वसतिगृह मागावें. शाहू महाराजांनीं सव्वाशें वर्षांपूर्वीं जें केलें तें आजच्या सरकारास अवघड वाटूं नये.

वर्गणी मागावयास कोणी आला तर द्यावी. रयतेची मूठ आजवर कधीं आखडली नाहीं. पण वर्गणी देतांना एवढें विचारावें कीं, आमचें चाक आम्ही लावलें, सरकारचें चाक कोठें आहे? आठवीपर्यंतचा हक्क कायद्यानें दिला, तसा दहावी-बारावीपर्यंतचा हक्कहि कायद्यानेंच मिळाला पाहिजे. आणि तो मिळेपर्यंत नववीची प्रत्येक जागा भांडून मिळविली पाहिजे.

बंधुभगिनींनो, पेरणीचा घात साधला नाहीं तर एक हंगाम जातो, पुढच्या वर्षीं पुन्हां पेरतां येतें. पोराचें नववीचें वर्ष एकदांच येतें. म्हणून यंदा पारावर बसाल तेव्हां पावसाची गोष्ट झाल्यावर शाळेची गोष्ट काढा, आणि उठण्यापूर्वीं ती वही कोण लिहिणार तें ठरवूनच उठा.