अर्धी फारकत

“काडीमोड कशाला? वेगळी राहा, पण कुंकू पुसू नकोस!” मारहाणीला कंटाळून माहेरी आलेल्या लेकीला हा सल्ला तिची आईच देते आणि मामा-काका त्यावर माना डोलावतात. माझ्या परिचयातल्या एका बाईंनी तो ऐकला. कोर्टातून न्यायिक विभक्तीचा हुकूमनामा घेतला आणि तिथेच थांबल्या. बारा वर्षे झाली, तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत, तांदळाच्या डब्यामागे पडून आहे. नवऱ्याने दुसरीबरोबर संसार थाटला. या मात्र संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दार लोटून घरात बसतात.

विभक्ती म्हणजे घटस्फोट नव्हे. लग्न कायम राहते, पुनर्विवाह करता येत नाही. पण हुकूमनाम्यानंतर वर्षभर दोघे पुन्हा एकत्र नांदले नाहीत, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३(१अ) खाली दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकतो. पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती. १९७६ मध्ये ती एक वर्षावर आणली. मात्र घटस्फोट आपोआप होत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

तो अर्ज आपण तिला करू देत नाही. “पोटगी बुडेल” म्हणून घाबरवतो. हे खोटे आहे. पुनर्विवाह न केलेल्या घटस्फोटितेलाही कायदा पोटगीचा हक्क देतो. “धाकटीचे लग्न कसे जमेल?” म्हणून गप्प बसवतो. धाकटीच्या लग्नासाठी थोरलीचे आयुष्य गहाण टाकायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? बायको सोडणारा उजळ माथ्याने पंगतीला बसतो. त्याला वेगळे नाव नाही. तिला मात्र आपण ‘टाकलेली’ म्हणतो. ती काय वस्तू आहे? कायद्याने दार उघडले, उंबऱ्यात आडवे आपण पडलो आहोत. हा दोष कोर्टाचा नाही, आपला आहे.

तुमच्या घरात असा कागद असेल तर आज बाहेर काढा. त्यावरची तारीख पाहा. तिला सुटायचे आहे का, हे तिलाच विचारा. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. तिथे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. या कामासाठी मात्र ती चढावी, आणि बापाने लेकीच्या सोबतीने चढावी.