उमेदवाराने आधी गणेशगुडीला यावे

सुरक्षा अभियंत्यांच्या व्यावसायिक संस्थेत विभागीय नेतृत्वासाठी जो उभा राहील, त्याने कर्नाटकातल्या जोयड्यासारख्या तालुक्याबद्दल आपली भूमिका मांडलीच पाहिजे. काळी नदीवरचे 101 मीटर उंचीचे सुपा धरण याच तालुक्यात गणेशगुडीला आहे. जुने सुपा गाव त्याच्याच पाण्याखाली गेले. धरणाखाली राफ्टिंग चालते, तेही वरून सुटणाऱ्या पाण्याच्या भरवशावर. पाणी केव्हा वाढणार, हा निरोप राफ्टमधल्या पाहुण्याला आणि काठावर कपडे धुणाऱ्या बाईला तिच्या कोकणीत, मराठीत किंवा कानडीत वेळेवर कळणे, हेच मला सुरक्षेचे खरे काम वाटते.

सभासद शहरात, वर्गणीही तिथलीच, मग रानातल्या तालुक्याचे ओझे कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणणे अगदीच गैर नाही. पण धोका इथे आहे: याच काळीच्या खोऱ्यात, कैग्याला, 1994 मध्ये बांधकाम चालू असताना अणुभट्टीच्या घुमटाचा भाग कोसळला. 7 ऑगस्ट 2024 ला मध्यरात्रीनंतर कारवारचा काळीवरचा जुना पूल पडला आणि ट्रक नदीत गेला. धरणासाठी तर कायदाच आहे, 2021 चा धरण सुरक्षा कायदा. त्यात आपत्कालीन आराखडा बंधनकारक आहे; तो गावकऱ्यांसोबत सराव करून पक्का करायला हवा. तो सराव आपण कधी आणि कोणत्या गावांत घेणार, हे उमेदवाराने मत मागतानाच सांगावे.