दर तोच, माणूस खाली

मजुरी कापली नाही, असं ठेकेदार छाती ठोकून सांगतो. रजिस्टर उघडून दाखवतो. टॅलीचा दर तोच, हमालीचा दर तोच. एक अक्षर खोटं नाही. मग माझ्या घरात पैसा कमी का येतो?

कारण दर जागेला असतो, माणसाला नाही. मी मॅट्रिक. गोदीत माल भरपूर होता तेव्हा मला हमालीतून काढून टॅलीवर घेतलं. हातात पेन्सिल आली. २०२० साली टाळेबंदी झाली, माल आटला. मुकादम म्हणाला, 'जा, पोती उचल.' दर कापला नाही, मलाच खालच्या दरावर नेऊन टाकला. मी खाली आलो तसा एक हमाल झाडूवर गेला. झाडूवाला गेटबाहेर. तीन घरं बसली, आणि रजिस्टर धुतल्या तांदळासारखं!

हे गुपित नाही. मेल्विन रेडर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९५५ सालीच लिहिलंय : तेजीत माणसं कमी पडली की मालक अटी सैल करतो, खालच्याला वर घेतो. मंदीत अटी आवळतो, वरच्याला खाली सरकवतो. तळाचा बाहेर पडतो.

पण ज्याची वरची पायरीच तोडलीय, त्याचं काय? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त. तिथं अस्पृश्याला मज्जाव. नवी कांडी भरताना धाग्याचं टोक धोट्यातून तोंडानं ओढावं लागे. आमच्या थुंकीनं म्हणे सवर्ण विणकर बाटायचा! तेजी येवो की मंदी, आमचा माणूस कमी मजुरीच्या खात्यातच. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठं पुढाऱ्यांनी ही मागणी यादीत घेतली.

आज धोटा नाही, पण मुकादम आहे. माल पुन्हा आला. टॅलीवर मुकादमाचा भाचा बसलाय, आठवी नापास. माझं सर्टिफिकेट पत्र्याच्या पेटीत. खाली ढकलायला एक दिवस लागला, वर घ्यायला सवडच नाही.

युनियनवाल्यांनो, नुसतं 'दर वाढवा' ओरडणं पुरे. मंदीत कुणाला कुठून कुठं उतरवलं ते गेटवरच्या फळ्यावर लिहायला लावा. माल आला की नंबरानं आधी तोच वर गेला पायजे. भाचा नंतर.

हे मागायची हिंमत नसेल तर आमच्याकडं वर्गणी मागू नका. तेजी तुमच्या घरी आणि बारमाही मंदी आमच्या, हा हिशोब आता चालणार नाही.